अनवाणी पाहिलेली तीन कॉलेजं

जमिनीवर राहणाऱ्या माणसांपेक्षा जमिनीखालच्या माणसांशी ज्यांची जास्त घसट आहे, असे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत आणि ते माझे मामेसासरे आहेत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नवऱ्याने एकेका नातेवाइकाची ओळख करून देताना यांच्यापाशी आवाज थोडा खाली घेतला होता. मामा घरी आले की आधी चहा द्यायचा, म्हणाला. चहाच्या आधी त्यांनी फरशी बघितली तर त्या घरात आपण पुन्हा पहिल्यासारखे राहत नाही. मला ती थट्टा वाटली. पुढे दौंडला आम्ही तळमजल्यावरची जागा घेतली आणि मामा ती बघायला इनामगावहून एसटीने आले. दारात त्यांनी चपला काढल्या, नेहमीसारख्या काखेत मारल्या आणि मी चहाचं आधण ठेवायच्या आत अनवाणी घरभर फिरायला लागले. पाऊल टाकायची त्यांची एक तऱ्हा आहे. टाच आधी नाही, बोटंही आधी नाहीत. सगळा तळवा एकदम, झोपलेल्या माणसावर पांघरूण टाकावं इतक्या बेताने. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या एका फरशीवर ते थांबले, डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितं चूल व्हती. लई जुनी. आन् चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कसलीच घाई नव्हती." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, गूळ चांगला आहे म्हणाले आणि गेले. मी शाळेत शिक्षिका आहे, मुलांना विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवसापासून भाजी परतताना मी त्या फरशीवर पाय देत नाही. नवराही देत नाही. तो फक्त कबूल करत नाही. फ्रिजकडे जाताना वळसा घालतो आणि तेवढ्यापुरता मोबाइल कानाला लावतो.

या विद्येचं मूळ घोड नदीच्या काठावर आहे. मामा मिसरूड फुटायच्या वयाचे असताना पुण्याहून साहेबलोक येऊन इनामगावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, उकरत होते. हजारो वर्षांपूर्वीचं गाव त्या टेकाडाखाली निजलेलं होतं आणि मामा तिथं मजुरीला लागले. थर बदलला की साहेबांना मातीच्या रंगावरून कळायचं, मामांना तळव्यावरून. इथून पुढं घराची जमीन, इथं राखेचा खड्डा, इथं दार, असं ते आधी सांगायचे आणि साहेब मागाहून वहीत लिहायचे. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेली मडकी निघायची आणि त्यांत लहान मुलं असायची. त्या काळच्या आईबापांनी आपलं गेलेलं मूल लांब नेलं नव्हतं, जिथं निजायचं तिथंच खाली ठेवलं होतं. हे सांगताना मामांचा आवाज शेजारच्या घरची हकिकत सांगावी तसा असतो. उत्खनन संपलं, साहेब गेले, खड्डे बुजले. मामांचे पाय मात्र तसेच उघडे राहिले.

न्हावऱ्याच्या पुढे एका मंगल कार्यालयात आमच्या नात्यातलं लग्न होतं. अक्षता पडायच्या आधी मामा स्टेजवर चढले, चार पावलं चालले आणि वरबापाच्या कानाशी लागून म्हणाले की नवरानवरीच्या खुर्च्या हातभर डावीकडं घ्या, खाली कोणीतरी पाय पसरून निजलंय. वरबाप सोसायटीचा चेअरमन, भल्याभल्यांना न बधणारा माणूस. त्याने स्वतः खुर्च्या उचलल्या. आता उजेड नीट पडत नाही म्हणून फोटोग्राफर कुरकुरला, तेव्हा त्यालाही कारण सांगण्यात आलं. त्यानंतरचे सगळे फोटो त्याने प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून काढले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये चेहऱ्यांपेक्षा टोप्याच जास्त आहेत.

त्यांच्या कानांची गोष्ट तर आणखी निराळी. एकदा ऐकलेलं ते विसरत नाहीत. ग्रामसभेत एकदा सरपंचांनी भाषणाला सुरुवात केली तसे मामा उठले आणि पाच वर्षांपूर्वी त्याच माणसाने त्याच जागी केलेलं भाषण त्यांनी म्हणून दाखवलं, मधल्या खोकल्यासकट. लोक सांगतात की त्या खोकल्याची जागा आली तेव्हा खुर्चीत बसलेले सरपंचही खोकले, आणि मामांच्या तोंडून येणारा आवाज मामांचा नव्हता. पहिल्या दहा मिनिटांत लोक हसत होते, शेवटच्या दहा मिनिटांत कोणी हसत नव्हतं. असा हा माणूस कागदापुढे आला की मात्र अंगठा पुढं करतो. बँकेत, तलाठ्याकडे, सगळीकडे. एकदा मी म्हटलं, मामा, मी शिकवते ना सही. तर म्हणाले, "अक्षर खोटं बोलतं, मास्तरीणबाई. अंगठ्याला ते जमत न्हाई." मी हसले आणि विषय तिथंच राहिला. आज वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

मामांची नात तनुजा पाचवी ते सातवी आमच्याकडे दौंडला होती. तिचे वडील बाळासाहेब, म्हणजे मामांचा मुलगा आणि माझे दीर, रांजणगावला कंपनीत शिफ्टला जात आणि मास्तरीण काकूच्या हाताखाली पोरगी नीट शिकेल असा त्यांचा हिशोब होता. तनुजा विलक्षण हुशार. मी गणित फळ्यावर लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तोंडात तयार. पण धडा वाचायला दिला की पाच ओळींना अर्धा तास. 'सरळ'चं 'रसळ', 'नदी'चं 'दीन'. कालचा बरोबर लिहिलेला शब्द आज तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. मी तिच्या वहीवर लाल पेनाने 'निष्काळजी' असं किती वेळा लिहिलं असेल, ते मला आठवायचं नाही. त्या दिवसांत मामा एकदा आले, भिंतीला टेकून तिचं वाचन ऐकत बसले आणि जाताना मला म्हणाले की हिच्या डोळ्यांपुढं अक्षरं थांबत नाहीत, हिला वाचायला लावू नका, ऐकवा. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं तेव्हा ते आपल्या पायांकडे बघत राहिले आणि एसटीची वेळ झाली म्हणाले.

आठवीला ती शिरूरच्या शाळेत गेली. तिथल्या एका नव्या बाईंना शंका आली, त्यांनी पुण्याच्या दवाखान्यात तपासण्या करायला लावल्या, आणि दोन पानी कागदावर नाव आलं: डिस्लेक्सिया. बुद्धीत काही कमी नाही, उलट चांगली वरच आहे. अक्षरं ओळखण्याचं आणि लिहिण्याचं काम तेवढं मेंदूला जड जातं, असं डॉक्टरांनी समजावलं. सगळ्यांना धक्का बसला. एकटे मामा शांतपणे शेंगा सोलत होते. त्यानंतरची पाच वर्षं मी दर रविवारी तिचे धडे मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून पाठवत राहिले. उपकार म्हणून नव्हे. ते लाल पेन मला स्वस्थ बसू देत नव्हतं. परीक्षेत ती बोलायची, लेखनिक लिहायचा, बोर्डाकडून जादा वेळ मिळायचा. बारावीला नव्वदच्या वर टक्के पडले, सीईटीतही चांगले गुण आले, आणि गावात पेढे वाटून झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला की हिने जायचं कुठं.

तिला इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं, त्यात वाद नव्हता. वाद त्या दोन पानी कागदावर होता. बाळासाहेबांचं म्हणणं, मार्क आपल्या हिमतीवर मिळालेत, प्रवेशही मार्कांवर होईल, मग कॉलेजात हा कागद दाखवून पोरीवर जन्माचा शिक्का का मारून घ्यायचा. उद्या नोकरी आहे, लग्न आहे. त्यांनी तो कागद कपाटात कुलपात ठेवला होता. कागद दाखवल्याशिवाय पुढे लेखनिक आणि जादा वेळ मिळणार नाही, हे त्यांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, बघू. तनुजाला कोणी विचारलं नव्हतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम भरण्याआधी तीन ठिकाणं डोळ्यांनी बघून यायची असं ठरलं. डोळ्यांनी कशाला, म्हणत मामाही गाडीत येऊन बसले. त्यांना उतरवण्याची कोणाची छाती झाली नाही.

पहिलं कॉलेज पुण्यात, आठ मजल्यांचं, सगळं काचेचं. मी दौंडहून चौफुल्याला येऊन गाडीत बसले होते. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने मामांना चपला घालायला सांगितलं, मामांनी त्याला चपला धरायला दिल्या आणि तो त्या धरून उभा राहिला. आत गुळगुळीत चकचकीत फरशी. मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि हिरमुसून परत आले. पायाला काहीच लागत नाही म्हणाले, जमिनीला भूल दिल्यासारखं झालंय. काउंटरवरच्या मुलीने तनुजाच्या हातात बारीक अक्षरांचं माहितीपत्रक ठेवलं आणि सगळं यात आहे, वाचून घे, असं हसून सांगितलं. तनुजाने ते चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं आणि परत येताना वाटेत एकदाही उघडलं नाही.

दुसरं कॉलेज शिरूर तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. इमारत जुनी, काळ्या दगडाची, परीक्षा संपलेल्या असल्यामुळे दुपारच्या बारा वाजता पूर्ण रिकामी. इतकी रिकामी की आमच्या पावलांचा आवाज आमच्या पुढे जाऊन वळणावर आमची वाट बघत होता. पण तिथली प्रयोगशाळा तिथल्या सरांनी उघडून दाखवली तेव्हा तनुजा बदलली. एका यंत्राच्या काळ्या पडद्यावर हिरवी रेघ नाचत होती. सरांनी बटण फिरवलं की रेघ रुंद व्हायची, उंच व्हायची. तनुजाने त्या रेघेकडे बघून सांगितलं की आत कुठंतरी एक जोड सैल आहे. सरांनी तपासलं, खरोखरच होता. अर्धा तास दोघं बोलत होते आणि आम्ही तिघं बाजूला लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे उभे होतो.

बाहेर आल्यावर मी ऑफिसात विचारलं की लेखनिक घेणारी मुलं परीक्षेला कुठं बसतात. बाळासाहेबांनी माझ्याकडे जळजळीत बघितलं. क्लार्कने किल्ली शिपायाकडे दिली. वयस्कर, अबोल शिपाई आम्हाला जिन्याखाली घेऊन गेला. उतरत्या छताची, बिनखिडकीची खोली. वर हातभर झरोका, तीन बाक, मोडका पंखा आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि दार उघडताच आतला गारवा पायांवर आला, विहिरीतला येतो तसा. मामा चपला काखेत मारून पहिले आत गेले. दोन पावलांवर थांबले आणि मागे न बघता त्यांनी हात वर केला. आम्ही गप्प झालो. आणि मला ऐकू आलं.

खर्र. खर्र. खर्र. मग रबर घासल्यासारखा लांब आवाज. मग पुन्हा खर्र. वीस वर्षं मी पेपर लिहिणाऱ्या मुलांच्या रांगांमधून फिरते आहे. कागदावर पेन कसं वाजतं ते मी झोपेतही ओळखीन. शिपायाने ट्यूबलाइट लावली, ती चार वेळा लुकलुकली, आणि लागली तरी आवाज थोडा वेळ चालूच होता. तिन्ही बाक रिकामे होते.

"लिहितंय," मामा म्हणाले. "आन् खोडतंय."

तनुजा उंबऱ्यात उभी होती. तिचा आवाज शांत होता. ती म्हणाली, "तीन शब्द लिहून दोन खोडतंय, काकू. मी अशीच लिहायचे."

शिपाई म्हणाला, घुशी असतील. म्हणताना तो आमच्याकडे बघत नव्हता. कुलूप लावून व्हरांड्यातून चालताना मात्र कोणी न विचारता त्याने सांगितलं की इथं शेवटी एक मुलगा बसायचा. हुशार होता. एका पेपरला लेखनिक आलाच नाही, तर त्याला तूच लिही म्हणाले. बराच वेळ लिहीत होता. मग अर्धा पेपर तसाच ठेवून उठला, तो परत कॉलेजात आला नाही. गावाकडं ट्रॅक्टर चालवतो म्हणतात.

गाडीत बाळासाहेबांनी रेडिओ लावला आणि बंद केला. मला राहवेना. मी मामांना विचारलं की तो मुलगा तर जिवंत आहे, मग त्याचं इथं मागं काही कसं राहील. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. "मेल्याल्यांचं न्हाई ऱ्हात, बाई. ती मोकळी व्हत्यात. अर्ध्यातनं उठून गेल्याल्यांचं ऱ्हातं."

तिसरं कॉलेज आम्ही पुढच्या आठवड्यात बघितलं. भांडगावच्या पुढे, हायवेपासून आत, नवं कोरं, चारही बाजूंनी ऊस. तिथल्या मॅडम बाळासाहेबांशी न बोलता सरळ तनुजाशी बोलल्या. पुस्तक वाचून दाखवणारा संगणक होता, वेगळं बसायला खिडकीची खोली होती, लेखनिकांची यादी तयार होती. मामा भर उन्हात सगळं मैदान पायाखाली घालून परत आले ते लग्नघरच्या माणसासारखे खुशीत. कोरी जमीन आहे म्हणाले, इथं अजून कोणी रडलेलं नाही, पोरीला इथंच घाला. आमचं दौंडचं घर जवळ म्हणून बाळासाहेबांनाही ते पटलं. मलाही पटलं. इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग त्याच वर्षी सुरू व्हायचा होता आणि यंत्रं अजून खोक्यांत होती. तनुजा त्या बंद खोक्यांवरून हात फिरवत होती, ते मी बघितलं. पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

फॉर्म भरायचा त्या दुपारी आम्ही सगळे इनामगावला जमलो. मी लॅपटॉपवर नावं वाचत होते, तनुजा क्रम सांगणार होती. तिने पहिलं नाव सांगितलं ते काळ्या दगडांच्या इमारतीचं. बाळासाहेब चिडले, मी समजूत घालायला लागले. मामांना मात्र मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. मोडलेल्या कबरींमधून अनवाणी फिरलेला हा माणूस ताडकन उभा राहिला. त्या खोलीत माझी नात बसणार नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"नाहीच बसणार, आबा," तनुजा म्हणाली. "पण खोलीला भिऊन मी ती लॅब सोडणार नाही. तिथल्या पडद्यावरचं मला वाचावं लागत नाही, ते मला दिसतं. असं मला आजवर कुठंच झालं नव्हतं." मग ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली की मला कपाटाची किल्ली द्या, तो कागद मी स्वतः घेऊन जाणार आहे. बाळासाहेबांना रागवायचं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राचार्यांना भेटलो. बाळासाहेब बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तनुजाने कागद टेबलावर ठेवला आणि काही न अडखळता सांगितलं की मला डिस्लेक्सिया आहे, मला राखीव जागा नको, मार्क पुरेसे आहेत. पण परीक्षेला लेखनिक लागेल, वेळ लागेल, आणि तुमची ती जिन्याखालची खोली चालणार नाही. प्राचार्य भले गृहस्थ होते. कोणती खोली, असं त्यांनी विचारलं. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. ते स्वतः उठून खाली गेले, आत उभे राहिले. त्यांना काही ऐकू आलं की नाही, मला ठाऊक नाही. पण बाहेर आल्यावर चष्मा पुसत त्यांनी त्या उठून गेलेल्या मुलाचं नाव विचारलं. क्लार्कला आठवेना. सरांना आठवेना. शिपायालाही आठवेना. त्या व्हरांड्यात भर दुपारी आम्ही सातआठ जण एका जिवंत मुलाचं नाव आठवत उभे होतो.

प्रवेश झाला. पहिल्या सत्राची परीक्षा थंडीत आली. तनुजाला ग्रंथालयाशेजारची वरची खोली मिळाली, पूर्वेला खिडकी असलेली. बारावीची एक मुलगी लेखनिक म्हणून आली. मी रजा घेऊन गेले होते, कारण मामा सोबत निघाले होते आणि त्यांना एकटं सोडणं बरं नव्हतं. तनुजा वर गेली तसे मामांनी शिपायाकडून ती खालची किल्ली मागून घेतली. मी अडवलं नाही. तास-दीड तासाने त्यांना पाणी द्यायला म्हणून मी जिन्याखाली गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत मामा शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले होते, शेजारी एकाची जागा मोकळी सोडून. हलक्या आवाजात ते कोणाला तरी सांगत होते, "लिव्ह. दमानं लिव्ह. हितं कोणबी घाई करीत न्हाई." आणि त्यांच्या आवाजाच्या खाली, बारीक, सलग, न थांबता, खर्र खर्र चाललं होतं. मधलं ते खोडणं ऐकू येत नव्हतं. मी तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि पाय न वाजवता परत आले. वर पेपर संपून तनुजा हसत बाहेर पडली, तेव्हा मामा जिना चढून येत होते. दमलेले दिसत होते, आणि हलकेही.

तनुजा चांगल्या गुणांनी पास झाली. ती आता हॉस्टेलवर राहते, फोनवर तिच्या लॅबमधलं सांगत असते, आणि त्यातलं मला निम्मं कळत नाही. बाळासाहेब कंपनीत लोकांना स्वतः होऊन डिस्लेक्सिया म्हणजे काय ते समजावतात. त्यांचं ऐकून एका सहकाऱ्याने आपल्या मुलाची तपासणी करून घेतली. जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि बादल्या असतात, असं तनुजा सांगते.

परवा मी इनामगावला गेले होते. मामा अंगणात बाजेवर बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी धीर करून विचारलं की त्या दिवशी तुम्ही कोणाशी बोलत होता, त्या ट्रॅक्टरवाल्या मुलाशी का. त्यांनी एकदा आपल्या पायांकडे बघितलं. मग सांगितलं की ते चौथीत असताना गुरुजींनी त्यांना धान्याच्या खोलीत कोंडलं होतं. पाटीवर एक ओळ दिली होती, ती नीट लिहीपर्यंत बाहेर यायचं नाही. ते लिहीत होते आणि पुसत होते. अक्षरं हलत होती. दुपारी शाळा सुटली आणि गुरुजी विसरून घरी गेले. दिवस मावळायच्या सुमाराला मेंढरं घेऊन येणाऱ्या त्यांच्या आज्याने आवाज ऐकून कडी काढली. दुसऱ्या दिवसापासून मामा मेंढरांमागे गेले आणि पुन्हा पाटी हातात धरली नाही. ही गोष्ट त्यांनी मामींनाही कधी सांगितली नव्हती.

"तवापासनं ते पोरगं माझ्यासंगं हाय, बाई," ते म्हणाले. "कुटंबी गेलो तरी एका अंगाला बसून लिहीत असतंय. त्या खोलीतलं दुसऱ्याचं व्हतं का माझंच, मला न्हाई सांगता यायचं."

मी मास्तरीण. मला माझं लाल पेन आठवलं. मी विचारलं, अजून येतो का आवाज.

"न्हाई. त्या दिशी त्याची पाटीवरची वळ लिहून पुरी झाली. गप झालंय." नदीकडून येणारा वारा बाजेखालून जात होता. मामांनी पाय वर ओढून घेतले आणि थोड्या वेळाने, मला सांगितल्यासारखं नाही, म्हणाले, "पर साठ वरसांची सोबत व्हती. आता दुपारचं करमत न्हाई."

मी साडेतीनची एसटी जाऊ दिली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले.